पेटी आत, हलगी बाहेर

१४ एप्रिल २०१७. त्या साली गुड फ्रायडे आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी आली होती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. दुपारी बारा ते तीन आमच्या देवळात क्रुसावरच्या सात शब्दांची उपासना होती. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, कुणी दचकू नये. बाकं गच्च भरलेली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पंखे खडखडत फिरत होते आणि खिडक्या उघड्या होत्या. बाहेर वस्तीत सकाळपासून धामधूम. निळे झेंडे, टेम्पोवर बांधलेले स्पीकर, नाक्यावर पाणपोई. आत चौथ्या शब्दावरचा संदेश संपला आणि बाहेर पोरांनी जाळावर तापवलेल्या हलगीवर पहिला ठेका टाकला.

पाळकसाहेब थांबले. पंचांपैकी एक जण उठला आणि त्यानं एकेक करून सगळ्या खिडक्या लावल्या. मग पाचवा शब्द सुरू झाला. पाचवा शब्द तहानेचा आहे. अर्धा तास संदेश चालला. आत्म्याची तहान, तारणाची तहान, तहानेचे किती प्रकार! खिडकीच्या पलीकडं पोरं रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला, जात न विचारता, थंड पाण्याचा ग्लास देत होती. का देत होती? तर २० मार्च १९२७ ला एका माणसानं महाडच्या तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं होतं म्हणून. त्या तळ्याचा एक शब्द अर्ध्या तासात आला नाही. ज्या देवळात बसलेल्या प्रत्येकाच्या पणज्याला गावच्या पाणवठ्यावरून हाकललं होतं, त्या देवळात तहानेवर बोलायचं आणि चवदार तळं आठवायचं नाही, हे फक्त खिडक्या लावूनच जमतं.

माझी बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर चालू लागली. बाहेरचाच ठेका. मला कळलंसुद्धा नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबून धरला. रागानं नाही. भीतीनं. तो दाब मला अजून आठवतो. या लेखात मला जे काय म्हणायचं आहे ते त्या म्हाताऱ्या हाताशी म्हणायचं आहे.

*

दोस्तांनो, मी ख्रिस्ती आहे. मांगाचा आहे. मॅट्रिक झालोय, गोदीत ठेकेदाराकडं अंगमेहनत करतो आणि कविता लिहितो. यातल्या कुठल्या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत ते मला लोक रोज सांगतात. देवळात म्हणतात, ख्रिस्ती झाल्यावर मांग कसला? चळवळीत विचारतात, मांग असून ख्रिस्ती कसा? गोदीत म्हणतात, कविता सोड आणि हुक धर.

तर मी हुक धरतो. स्टीलच्या कॉइली येतात, दहा-दहा, पंधरा-पंधरा टनांच्या. आम्ही जहाजाच्या पोटात उतरतो, स्लिंग लावतो, बाजूला होतो, आणि वर हात करून ओरडतो, हाबेस! म्हणजे उचल. उतरवायची तर आरिया! हा आरिया पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून आलेला शब्द, शेकडो वर्षं गोदीत राबणाऱ्यांच्या घशातून फिरतोय. त्याला कुठल्या विद्यापीठानं मराठी म्हटलं नाही, पण तो शब्द ऐकण्यात चूक झाली तर माणूस कॉइलीखाली जातो. आमच्या धंद्यात कान म्हणजे जीव. म्हणून कामावर कानात काही घालायचं नाही. पाळी सुटली, अंग धुतलं, रे रोड स्टेशनच्या जिन्यावर आलो की मग फोन काढायचा आणि कानात गाणं घालायचं. दिवसभर लोखंड ऐकलेल्या कानांना गाणं लागतंच. ही चैन नाही, भाकरीसारखी गरज आहे.

काय ऐकतो? जे ऐकतो ते लपवत नाही. उपासना संगीतातली गीतं मला पाठ आहेत, आईनं जात्यावर नाही तर स्टोव्हच्या आवाजावर गाऊन शिकवलेली. वामनदादा कर्डक ऐकतो. प्रल्हाद शिंदे ऐकतो, ज्यांच्या एकाच गळ्यात विठ्ठलही होता आणि भीमही, आणि कुठल्याही बाजूच्या गरिबानं त्यांना तू नक्की कुणाचा असं विचारलं नाही. अण्णाभाऊंचे पोवाडे ऐकतो. चेन्नईत उभी राहिलेली कास्टलेस कलेक्टिव ऐकतो, तमिळ येत नसताना ऐकतो, कारण त्यातली गाना आणि रॅपची मिसळ आमच्याच गल्लीतल्या पोरांनी केल्यासारखी वाटते. आणि सिस्टर रोझेटा थार्प ऐकतो. तिच्यावर पुढं येतो.

या सगळ्या ऐकण्याचा निकाल मागल्या नाताळात लागला. आमच्या तरुण संघाची गीतफेरी निघते, रात्री घरोघर जाऊन जन्माची गीतं गायची, चहा-करंज्या खायच्या. दरवर्षी गिटार, पेटी, ढोलकी असते. या वेळी मी हलगी घेतली. चार घरं झाली. पाचव्या घराच्या दारात बाया हसू लागल्या, पोरं नाचू लागली, एक म्हातारी उंबऱ्यावर बसून टाळ्या पिटू लागली. बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मलेल्या पोराचा आनंद पहिल्यांदा आनंदासारखा वाजला. पुढच्या रविवारी मला पंच कमिटीपुढं बोलावणं.

दोन आरोप. पहिला, हे सैतानाचं संगीत आहे. याला मी उत्तर द्यायच्या तयारीत होतो. पण दुसरा आरोप एका पंचानं आवाज बारीक करून, जवळजवळ विनवणी करत केला. म्हणाला, बाबा, आजूबाजूला चांगली वस्ती आहे. आपण कोण ते लोकांना कळतं ना हलगी वाजली की.

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. पोटात कालवलं. कारण पहिला आरोप खोटा होता, दुसरा खरा होता. सैतान-बैतान निमित्त आहे. खरी भीती आहे ती ओळखू येण्याची. तीन पिढ्या बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेऊन, पांढरा शर्ट घालून, पोरांची नावं बायबलातली ठेवून आम्ही जी जात पुसत आणली, ती एक कातड्याचं कडं दोन काड्यांनी वाजवलं की परत दारात उभी राहते. गुड फ्रायडेला माझा हात दाबून धरणाऱ्या म्हाताऱ्याचं भय हेच होतं.

*

या भयाला हसायचं नाही. त्याच्यामागं इतिहास आहे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. २०२४ ला जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, आमच्या घरात अजून नगरच म्हणतात. तिथं १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम चाललं आणि त्यात आले ते मुख्यतः महार आणि मांग. आमचा पणजोबा त्यातलाच. देवावर विश्वास बसला म्हणून आला, आणि कुणीतरी घरात बसवून घेतलं, लेकराला शाळेत घातलं म्हणूनही आला. यात लाज कसली? ज्याला माणूस म्हणून पहिली हाक आली तो त्या हाकेकडं जाणारच. पोटासाठी धर्म बदलला असं जे हिणवतात त्यांनी पोट भरलेल्या अवस्थेत कधी काय बदललं ते सांगावं.

पण पणजोबाचा देव बदलला तरी गावाचा हुकूम बदलला नाही. लग्न निघालं की बोलावणं, हलगी घेऊन ये. प्रेत निघालं, बोलावणं. दवंडी, बोलावणं. बैलपोळा, बोलावणं. रविवारी उपासनेत बसलेल्या माणसाला बाहेरून हाक यायची आणि तो उठून जायचा. वाजवणाऱ्यानं उन्हात उभं राहून वाजवायचं, मंडपात यायचं नाही, जेवण सगळ्यांचं झाल्यावर, लांब बसून, वरून टाकलेलं. म्हणजे हलगी हे वाद्य नव्हतं, बिनपगारी चाकरी होती. माझ्या आजोबानं ती चाकरी केली. १९७२ च्या दुष्काळात तो गाव सोडून मुंबईला आला आणि गोदीत लागला. येताना हलगीचं नुसतं लोखंडी कडं बरोबर आणलं, कातडं फाडून टाकलं. आजीनं त्या कड्यावर पाण्याचा माठ ठेवला. माझ्या लहानपणी आमच्या घरात हलगी होती ती अशी, माठाखाली.

मी त्याच कड्यावर परत बकऱ्याचं कातडं चढवून घेतलं तेव्हा आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ती वाजली की मला तुझा आजा उन्हात उभा दिसतो.

यावर कुठला सिद्धांत मांडणार? बाबासाहेबांनी महाडला आपल्या लोकांना मेलेली गुरं ओढायचं आणि त्यांचं मांस खायचं सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी हेच सांगितलं होतं, की जे काम तुमच्या गळ्यात जात म्हणून बांधलंय ते फेका. आमच्या म्हाताऱ्यांनी हलगी फेकली ती त्याच न्यायानं फेकली. ते चुकले नाहीत. फेकणं हा त्यांचा विद्रोह होता.

प्रश्न असा आहे, की फेकून दिल्यावर त्या जागी काय आलं?

*

आली पेटी. आधी पायपेटी, मिशनऱ्यांच्या बायकांनी शिकवलेली. तिच्यावर समुद्रापलीकडच्या चाली, त्यात कोंबून बसवलेले मराठी शब्द, ज्यांचे ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी मोडलेले. मी त्या चालींचा शत्रू नाही, काही फार गोड आहेत. पण त्या पवित्र आणि आमचा ठेका अपवित्र, हे कुणी ठरवलं? येशूनं तर पायपेटी पाहिलीही नव्हती.

असं नाही की कुणी भांडलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक भांडले. १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस. त्यांनी मराठी देवळात अभंग आणला, ओवी आणली, भजन आणलं. साहेबी चालीत घुसमटलेल्या गळ्यांना मराठी श्वास दिला. शेवटी १९१७ ला मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार काढला. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसानं गोव्याच्या बाजूला ख्रिस्तपुराण छापलं, ते ओवीत. म्हणजे ख्रिस्ताला मराठी करण्याचं काम चारशे वर्षांपूर्वीच सुरू झालं. मी या दोघांपुढं टोपी काढतो.

पण टोपी काढून झाल्यावर विचारतो, मराठी म्हणजे कुणाचं मराठी? स्टीफन्स यांनी पुराण घेतलं. टिळक जन्मानं चित्पावन, त्यांनी संतांचा अभंग घेतला. मग देवळात टाळ आला, मृदंग आला, वीणा आली, कीर्तन आलं. देशीपणाचं दार उघडलं आणि त्या दारातून जे जे गावाच्या देवळात आधीच मान्य होतं ते ते आत आलं. जे गावाच्या वेशीबाहेर होतं ते इथंही बाहेरच राहिलं. बाकावर बसलेले आम्ही, बाप्तिस्म्याच्या वहीत नावं आमची, दानाच्या थाळीत नाणी आमची, आणि गाण्यात मात्र आमचं काही नाही. टिळकांना दोष देत नाही. त्यांनी आपल्या घरातून जे आणता येईल ते आणलं. आमच्या घरातलं आणायचं काम आमचं होतं आणि ते आम्ही लाजेनं केलं नाही.

शास्त्राचा आधार मागता? घ्या. दीडशेव्या स्तोत्रात देवाच्या स्तुतीला लागणाऱ्या वाद्यांची यादीच दिली आहे. शिंग आहे, तंतुवाद्यं आहेत, झांजा आहेत, त्या झांजा मोठ्यानं वाजवा असंही आहे, आणि डफ आहे. डफ म्हणजे कड्यावर ताणलेलं कातडं. आणि निर्गमचा पंधरावा अध्याय काढा. मिसर देशात विटा थापणारे गुलाम समुद्र ओलांडून सुटले. सुटल्यावर मिर्यामनं पहिलं काम काय केलं? डफ उचलला. तिच्यामागं सगळ्या बाया डफ घेऊन नाचत निघाल्या. बायबलातलं सुटकेचं पहिलं मोठं गाणं कातड्यावर वाजलं, आणि आमचे पंच म्हणतात कातडं आत नको.

*

आता रोझेटाचं सांगतो. कारण सैतानाच्या संगीताचा आरोप तिच्यावरही झाला होता.

१९१५ ला अमेरिकेत आर्कन्सा राज्यात जन्मलेली काळी बाई. आई मेंडोलिन वाजवत सुवार्ता सांगत फिरायची. पोरगी लहानपणापासून चर्चमध्ये गिटार घेऊन उभी. पुढं तिनं विजेची गिटार घेतली आणि देवाची गाणी न्यू यॉर्कच्या नाईट क्लबात गायली. चर्चवाले खवळले, क्लबचं पाप देवाच्या गाण्याला लावलं म्हणून. ती दोन्हीकडं गात राहिली. १९४४ ला तिनं ध्वनिमुद्रित केलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐका. आज जग ज्याला रॉक अँड रोल म्हणतं आणि गोऱ्या पोरांच्या नावावर जमा करतं, त्याची मुळं शोधणारे या गाण्यापाशी येऊन थांबतात. १९६४ ला मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर ती गायली. त्याचं चित्रीकरण आहे. पावसानं ओला फलाट, अंगात जाड कोट, हातात पांढरी गिटार. मी ते पहिल्यांदा रे रोडच्या फलाटावर, पावसातच, फोनवर पाहिलं. दोन गाड्या सोडल्या. १९७३ ला ती गेली. तिच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगड नव्हता.

आणि थॉमस डॉर्सी. जॉर्जिया टॉम या नावानं बदनाम गाण्यांवर पियानो वाजवणारा ब्लूजवाला. १९३२ ला बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यानं देवाला हात धर म्हणून हाक मारणारं गाणं रचलं, 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड'. ब्लूजचा माणूस, ब्लूजचं दुःख, आणि ते गाणं थेट उपासनेत. पुढं १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सननं तेच गायलं. सैतानाचं म्हणून ज्याला बाहेर ठेवायचं होतं, त्याच संगीतानं त्या लोकांचा सगळ्यात मोठा माणूस मातीला दिला.

आपल्या चळवळीनं १९७२ ला मुंबईत काळ्या पँथरांचं नाव घेतलं, ते योग्यच केलं. पण मला वाटतं आपण त्यांची मूठ पाहिली, त्यांचा गळा पुरता ऐकला नाही. त्या लोकांच्या लढ्यात चर्चचं गाणं होतं, आणि त्या गाण्यात गुलामांच्या शेतावरचा ठेका जिवंत होता. गुलामांच्या मालकांनी ढोल काढून घेतले होते, तर ते टाळ्या वाजवून, पाय आपटून तोच ताल धरत राहिले. आमच्यावर हलगीची सक्ती होती, त्यांच्यावर ढोलाची बंदी होती. दोन्हीकडं हुकूम मालकाचा. म्हणून त्यांना ढोल परत घेणं सोपं गेलं, आम्हाला जड जातं. हा फरक मी विसरत नाही. पण जड जातं म्हणून घ्यायचंच नाही का?

आणि समुद्रापलीकडंच कशाला बघायचं, आपल्याच देशात हे घडलं आहे. तमिळ मुलखात पराई नावाचा ढोल. आमच्या हलगीचा भाऊच, कड्यावर ताणलेलं कातडं, जाळावर तापवायचं, दोन काड्यांनी वाजवायचं. मयताला वाजवायचा आणि तो वाजवणारी जात अस्पृश्य. इंग्रजीत पॅरिया हा जो शब्द झाला तो तिथूनच निघालेला. मदुराईच्या तामिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत जे. थिऑफिलस अप्पावू नावाचे दलित पाळक शिकवत होते. २००५ ला गेले. त्यांनी सगळी उपासनाच लोकसंगीतात बांधली, खेड्यातल्या बायकांच्या चालीत, आणि पराई देवाच्या घरात आणली. अभिजन संगीतात देवाची स्तुती केली की देवही अभिजनांचाच वाटू लागतो, हे त्यांना कळलं होतं. तिथं आकाश कोसळलं नाही. मग इथं का कोसळेल?

*

आता चळवळीतल्या दोस्तांशी दोन शब्द.

तुम्ही मला विचारता, बाबासाहेबांनी बुद्ध दिला तर तू अजून क्रूस का वाहतोस? मी पळवाट काढत नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिलंय, ते १९८९ ला त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापून आलं. धर्म बदलूनही जात कशी टिकली, आणि ख्रिस्ती समाज आपल्यावरच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध कसा उभा राहिला नाही, हे त्यांनी तिथं मांडलंय. मी ते पाळकसाहेबांनाही वाचायला दिलं. त्यातली टीका मला मान्य आहे. बंद खिडक्यांचा तो शुक्रवार म्हणजे त्याच टीकेचा पुरावा. पण टीका मान्य करणं म्हणजे घर सोडणं असं नाही. घरात राहून खिडकी उघडणं हेही काम आहे.

आणि सरकारनंही आमची गंमत केलीच आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं, हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला त्यात शीख आले. १९९० ला, लढून, बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना ते दार उघडलं नाही. २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. ती अमलात आली नाही. २०२२ ला के. जी. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. आम्हाला इतर मागासवर्गाच्या यादीत कोपरा दिलाय, पण गावात कुणी जातीवरून डोकं फोडलं तर १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा ख्रिस्त्याच्या बाजूनं उभा राहत नाही. फोडणारा मात्र फोडताना धर्म विचारत नाही.

म्हणून आमच्यातली कितीतरी घरं दोन नावांनी जगतात. रविवारचं एक, दाखल्यावरचं एक. त्यांना मी खोटे म्हणत नाही. ज्या कायद्यानं श्वास घ्यायला खोटं बोलायला लावलं तो कायदा खोटा. माझ्या बापानं मात्र दाखल्यावर ख्रिस्तीच लिहिलं. म्हणाला, देवापुढं एक आणि मामलेदारापुढं एक, असं माझ्यानं होणार नाही. त्याच्या त्या खरेपणामुळं काय काय हुकलं याचा हिशेब आमच्या घरात कुणी मांडत नाही. मॅट्रिकनंतर मी गोदीत आलो, एवढं मी सांगतो. बापाचा अभिमान वाटतो आणि कधी कधी कॉइलीला स्लिंग लावताना त्याचा रागही येतो. दोन्ही खरं आहे.

तेव्हा कागद म्हणतो, तू ख्रिस्ती आहेस म्हणून मांग नाहीस. देऊळ म्हणतं, तू ख्रिस्ती आहेस म्हणून मांग नाहीस. दोघांचं किती छान जमलंय पाहा! एकानं हक्क काढून घेतला, दुसऱ्यानं हलगी. आणि चळवळीतला एखादा दोस्तही जेव्हा म्हणतो, तू ख्रिस्ती आहेस म्हणून आमचा नाहीस, तेव्हा तोही नकळत त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहतो. एवढंच लक्षात ठेवा, बाकी माझी तक्रार नाही.

*

माझं मागणं साधं आहे. पेटी बाहेर काढा असं मी म्हणत नाही. पेटी राहू द्या, टिळकांचा अभंग राहू द्या, साहेबाची चालही राहू द्या, ज्याला जे येतं त्यानं ते गावं. पण हलगी आत घ्या. ईस्टरच्या पहाटफेरीला घ्या. थडगं फोडून उठलेल्या माणसाची बातमी सांगायला हलगीपेक्षा योग्य वाद्य कुठलं? दवंडी द्यायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्याकडंच होतं. पाटलाची दवंडी दिली, सरकारची दिली. आता आपल्या सुटकेची द्यायची तर आवाज बारीक का करायचा?

हलगी आणली म्हणजे जात आणली, असं पंच म्हणतात. पंचहो, जात आधीच आत आहे. सोयरीक जुळवताना मूळचे कोण म्हणून विचारता तेव्हा ती बाकावर येऊन बसते. तुमच्या कुजबुजीत ती आहे. लाजेनं जात जात नाही, लाज हेच तिचं घर आहे. आणि नुसत्या हलगीनं जात जाईल असा भोळा मीही नाही. आमोस संदेष्टा मेंढरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा राखणारा कष्टकरी होता. त्यानं देवाच्या वतीनं लोकांना खडसावलं, की न्याय नसेल तर तुमची गाणी मला नकोत. ते पेटीला लागू आहे तसं हलगीलाही लागू आहे. १९५० च्या त्या आदेशाविरुद्ध मोर्चा निघेल त्या दिवशी देवळातली हलगी रस्त्यावर आली नाही, तर ती देवळात नेऊन काही उपयोग नाही.

कमिटीनं मला दोन महिन्यांची मुदत दिली होती. हलगी किंवा तरुण संघ. मुदत संपली. मी संघाची वही परत दिली, देऊळ सोडलं नाही. दर रविवारी जातो, शेवटच्या बाकावर बसतो, आणि प्रभुभोजन कुणी मला नाकारत नाही. हलगी घरी खुंटीला आहे. माठाखाली आता प्लास्टिकचं स्टँड आहे.

परवा आजीनंच विषय काढला. म्हणाली, ईस्टरला वाजवणार का? मी म्हटलं, बोलावलं तर वाजवीन. तर म्हातारी एकदम चवताळली. म्हणाली, बोलावलं तर? तुझा आजा जन्मभर बोलावलं म्हणून वाजवत होता. तुला वाजवायची तर न बोलावता वाजव. नाहीतर काढ ते कातडं आणि मला माझं कडं परत दे.

कडं मी परत देणार नाही. ईस्टरच्या पहाटे, फेरी निघते त्या कोपऱ्यावर, मी जाळ करून हलगी तापवत उभा असेन. ज्याला यायचंय त्यानं यावं, भीमवाल्यानं यावं, ख्रिस्तवाल्यानं यावं. कुणी खिडक्या लावल्या तर लावू देत.

जय ख्रिस्त. जय भीम.